वय झालं म्हणजे काय झालं?

1507 सालचा हिवाळा लागलाय. फ्लॉरेन्समधलं सांता मारिया नुओवा रुग्णालय. खाटेवर एक म्हातारा बसलाय आणि शेजारच्या माणसाशी गप्पा मारतोय. आपण शंभरी गाठली, असं तो सांगतो. कुठं दुखतंय? कुठंच नाही. थोडा अशक्तपणा वाटतो, एवढंच. आणि काही तासांत, बसल्या जागी, कसलीही तडफड न होता तो जातो.

शेजारी बसलेला माणूस होता लिओनार्दो दा व्हिंची. दुसरा कुणी म्हणाला असता, वय झालं होतं, सोनं झालं. लिओनार्दोला तेवढ्यानं चैन पडेना. इतकं अलगद मरण आलं ते कशानं, हे बघण्यासाठी त्यानं त्या देहाचं विच्छेदन केलं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या सुकून आक्रसल्या आहेत, असं त्याला आढळलं आणि त्यानं ते वहीत टिपून ठेवलं.

वय झालं म्हणजे नेमकं काय झालं? हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण आपण तो सहसा विचारतच नाही. आजोबा हल्ली जिन्यात मधेच थांबतात. आजी मंडईत जायचं टाळते, "पाय ओढत नाहीत" म्हणते. घरातले माना डोलावतात: चालायचंच, वय झालं. पण कित्येकदा त्या थांबण्यामागे एक अगदी ठरावीक, मोजता येणारी, डोळ्यांनी पाहता येणारी गोष्ट घडत असते. हृदयाचं एक दार नीट उघडत नसतं.

हे दार आहे तरी कसं? हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यातून महाधमनी निघते. शरीरभर जाणारं झाडून सगळं शुद्ध रक्त तिच्यातूनच पुढे जातं. तिच्या तोंडाशी ही झडप, साधारण रुपयाच्या नाण्याएवढी. अर्धचंद्राच्या आकाराच्या तीन पाकळ्या मध्यावर येऊन भेटतात. वरून पाहिलं तर बेलाचं त्रिदळच. पाकळीची जाडी एक मिलिमीटरहूनही कमी. निरोगी पाकळी उजेडासमोर धरली तर प्रकाश झिरपताना दिसतो, इतकी ती तलम असते.

आता या पापुद्र्याचं काम बघा. मिनिटाला 70 ठोके धरले तर दिवसाला लाखभर वेळा उघडायचं आणि लाखभर वेळा मिटायचं. वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त. ऐंशी वर्षांत जवळपास 300 कोटी वेळा! तेही सुट्टी न घेता, वंगण न घालता, एकदाही खोलून दुरुस्त न करता. घराच्या दाराची बिजागरी आपण किती वेळा बदलतो?

त्या पाकळीच्या आत डोकावलं तर तीन थर दिसतात. महाधमनीकडच्या बाजूला चिवट तंतू, ते मिटलेल्या दारावर पडणारा दाब तोलतात. हृदयाकडच्या बाजूला लवचीक तंतू, ते पाकळीला ताणू देतात आणि परत जागेवर आणतात. मधे मऊ, बुळबुळीत थर, त्यामुळे हे दोन थर एकमेकांवर घासत नाहीत. गोधडीचे दोन पदर आणि मधला मऊ भर, अशी ही शिवण. निरोगी पाकळीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. अंगावरून धो धो वाहणाऱ्या रक्तातूनच ती आपला प्राणवायू शोषून घेते.

आणि तिला स्नायूच नाही! मेंदूकडून तिला कुठलाही हुकूम येत नाही. मग ती बरोबर वेळेवर मिटते कशी?

याचंही उत्तर शोधायला पहिला बसला तो लिओनार्दोच. 1513 च्या आसपास त्यानं बैलाच्या हृदयावर काम केलं. महाधमनीच्या मुळाचा काचेचा साचा कसा करायचा, त्यातून पाणी कसं सोडायचं, आणि पाण्याची वळणं दिसावीत म्हणून त्यात गवताचं बारीक बी कसं मिसळायचं, हे सगळं त्यानं लिहून ठेवलं. प्रत्येक पाकळीच्या मागे महाधमनीची भिंत थोडी फुगलेली असते, भिंतीत तीन खोलगट कोनाडे केल्यासारखी. नदीला पूर आला की पुलाच्या खांबामागे पाणी गिरक्या घेताना आपण पाहतो ना? तसंच, हृदयातून उसळून आलेल्या रक्ताची कड या कोनाड्यांत वळते, गिरकी घेते आणि पाकळीच्या पाठीला हलकेच रेटते. त्यामुळे रक्ताची लाट ओसरायच्या आधीच पाकळ्या मिटू लागतात. दार आपटत नाही, बंद होताना मागे फार गळतही नाही.

लिओनार्दोनं हे भोवरे कागदावर रेखाटले. पण त्या वह्या त्याच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत, पुढची कित्येक शतकं त्या बहुतेक डॉक्टरांच्या नजरेआडच राहिल्या. 1968 साली ऑक्सफर्डच्या ब्रायन बेलहाउस यांनी प्रयोगशाळेतल्या मॉडेलवर भोवऱ्यांचं हे काम सिद्ध केलं. आणि 2014 साली, ऑक्सफर्डमध्येच, जिवंत माणसांच्या छातीतून वाहणाऱ्या रक्ताचं एमआरआय चित्रण झालं, तेव्हा पडद्यावर तेच भोवरे फिरत होते. गवताच्या बियांवरून जे ओळखलं होतं ते खरं ठरलं, पाचशे वर्षांनी.

वाहतं रक्त दार मिटवतं, हे ध्यानात ठेवा. या कथेत पुढेही प्रत्येक वळणावर ते वाहतं रक्तच बोलणार आहे.

मग हे दार बिघडतं कधी? नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे, ट्रॉम्सो नावाचं शहर आहे. तिथल्या रहिवाशांच्या हृदयाची सोनोग्राफी संशोधकांनी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा केली. 2013 साली आकडे प्रसिद्ध झाले. पन्नाशीतल्या लोकांमध्ये ही झडप अरुंद झालेले 0.2 टक्के, साठीत 1.3, सत्तरीत 3.9 आणि ऐंशीच्या घरात 9.8 टक्के. दर दहा वर्षांनी आकडा कसा उड्या मारत वाढतो बघा. ऐंशीच्या घरातल्या दहा माणसांमागे जवळजवळ एक! आपल्याकडे झडप खराब म्हटलं की अजूनही लहानपणी घसा दुखून नंतर येणारा ऱ्हुमॅटिक ताप आठवतो, आणि ते रुग्ण आपल्याकडे भरपूर आहेतच. पण माणसं जसजशी जास्त जगू लागली, तसा हा म्हातारपणचा प्रकारही आपल्या घरांत येऊन बसलाय. डॉक्टर त्याला एओर्टिक स्टेनोसिस म्हणतात.

1904 साली योहान गेओर्ग म्योंकेबर्ग या जर्मन डॉक्टरांनी या आजारातल्या चुनखडीसारख्या कडक झालेल्या झडपांचं वर्णन केलं. पुढे जवळजवळ शतकभर सगळ्यांची समजूत एकच: झीज. इतक्या वेळा उघडझाप झाल्यावर काय उरणार? नळाच्या तोटीत क्षार साचतात तसं कॅल्शियम साचत असेल, त्याला इलाज नाही. थोडक्यात काय, वय झालं.

ही समजूत मोडली ती सूक्ष्मदर्शकानं. 1994 साली सिअ‍ॅटलच्या कॅथरीन ओट्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराच्या अगदी सुरुवातीच्या पाकळ्या तपासल्या. तिथं चरबीचे कण रुतलेले होते आणि सूज आणणाऱ्या पेशी ठाण मांडून बसल्या होत्या. झिजलेल्या वस्तूत असली गजबज कशी असेल? मग 2001 साली एमिल मोहलर आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या 347 झडपा तपासल्या. बहुतेकांत कॅल्शियम होतंच. पण काहींमध्ये जे दिसलं ते वाचून मी पहिल्यांदा चक्क पान उलटं फिरवून पुन्हा वाचलं होतं. तिथं हाड होतं. नुसता चुन्याचा खडा नव्हे, थरांवर थर रचलेलं, नीट घडवलेलं हाड. आणि त्यात रक्तपेशी तयार करणारा मगजसुद्धा!

हृदयाच्या दारात हाड उगवतं. कसं शक्य आहे? पाकळीत एरवी तंतूंची डागडुजी करत बसलेल्या पेशी असतात. चरबी, सूज, ताण यांचा मारा सुरू राहिला की त्यातल्या काही पेशी आपलं मूळ काम सोडून देतात आणि हाडं घडवणाऱ्या पेशींची भाषा बोलू लागतात. हाडात असतं तेच खनिज त्या पाकळीत रचू लागतात. सुतार एके दिवशी उठून गवंडीकाम करू लागावा आणि लाकडी दाराच्या जागी हळूहळू भिंत चढावी, तसंच हे.

हे काम सुरू कुठं होतं? बहुतेक वेळा महाधमनीकडच्या बाजूला, त्या कोनाड्यांकडे तोंड असलेल्या थरात. पाकळीच्या हृदयाकडच्या बाजूवरून रक्त सरळ, सपाट्यानं जातं. दुसऱ्या बाजूला मात्र ते उलटसुलट, अडखळत फिरतं. सरळ प्रवाहाखालच्या पेशी जास्त शांत राहतात, अडखळत्या प्रवाहाखालच्या लवकर चिडतात. एकाच पापुद्र्याच्या दोन बाजू, मधे मिलिमीटरसुद्धा नाही, आणि नशीब इतकं वेगळं! ज्या कोनाड्यांच्या जोरावर दार अलगद मिटतं, त्याच बाजूला हाडाचा पहिला कण बसतो, या गोष्टीपाशी मी दर वेळी थबकतो.

चरबीचे कण सापडले म्हटल्यावर डॉक्टरांना वाटलं, सापडली किल्ली. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्या होत्याच हाताशी. 2005 साली स्कॉटलंडमधून एक चाचणी आली, 2008 साली युरोपातून दुसरी, 2010 साली कॅनडातून तिसरी. तिन्हींत कोलेस्टेरॉल छान उतरलं आणि तिन्हींत झडप आपल्याच गतीनं अरुंद होत राहिली. मग हाडांच्या विरळपणावरची औषधं देऊन पाहिली, 2021 साली त्यांचाही निकाल तोच. ज्यांनी आयुष्यातली वर्षं या चाचण्यांत घातली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. नकारार्थी उत्तर मिळवायलाही तेवढेच कष्ट पडतात. आजही ही झडप अरुंद होणं थांबवणारं सिद्ध औषध आपल्याकडे नाही.

एक धागा मात्र हाती लागलाय. 1963 साली नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी रक्तात चरबी वाहून नेणारा एक कण शोधला होता. त्याचं नाव लायपोप्रोटीन-ए. रक्तात तो किती असणार हे बहुतांशी जन्मतःच, आईवडिलांकडून आलेल्या जनुकांनी ठरतं. खाण्यापिण्यानं फारसा फरक पडत नाही. 2013 साली हजारो लोकांची जनुकं चाळताना असं दिसलं, की ज्यांच्यात हा कण वाढवणारा जनुकीय बदल आहे, त्यांच्या झडपेत कॅल्शियम साचण्याचं प्रमाणही जास्त. भारतीय उपखंडातल्या लोकांत या कणाचं प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा सरासरीनं अधिक असतं, म्हणून हा धागा आपल्या जवळचा.

आता दाराआड काय होतं ते बघू. रुपयाएवढी वाट हळूहळू शर्टाच्या बटणाएवढी होते. हृदयाला तर प्रत्येक ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त त्यातूनच बाहेर ढकलायचं असतं. मग हृदय काय करतं? तालमीत जातं! ओझं वाढलं की पैलवानाचा दंड जाड होतो तशी डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. दाब वाढवून हृदय तेवढंच रक्त बाहेर काढतं. वर्षानुवर्षं, मुकाट्यानं. माणसाला पत्ताही लागत नाही.

पण जाड भिंतीला रक्त जास्त लागतं आणि ती ताठही होते. मग एक दिवस हिशोब जुळत नाही. चालताना छातीत आवळल्यासारखं होतं, जिन्यात भोवळ येते, धाप लागते. 1968 साली अमेरिकेतल्या जॉन रॉस आणि यूजीन ब्राउनवाल्ड यांनी या आजाराचा आयुष्यभराचा आलेख मांडला. वर्षानुवर्षं सपाट रस्ता, आणि लक्षणं दिसू लागली की एकदम कडा. छातीत दुखू लागल्यापासून सरासरी पाचएक वर्षं, भोवळ येऊ लागल्यापासून तीन, हृदय थकून धाप लागू लागली की दोन. झडप बदलली नाही तर एवढंच आयुष्य.

इथंच म्हातारपणचा पेच येतो. आजोबांना विचारा, "चालताना दम लागतो का?" ते खरं तेच सांगतात: "नाही बुवा." कारण दम लागेल इतकं चालणं त्यांनी कधीच सोडलेलं असतं. आधी टेकडी सुटते, मग बाजार, मग कोपऱ्यावरचं देऊळ. शरीर आपलं अंगण लहान करत जातं आणि तक्रार करत नाही. म्हणून जाणता डॉक्टर वेगळा प्रश्न विचारतो: गेल्या दिवाळीला जे करत होतात ते आज करता का? माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच, आणि तो विचारायला यंत्र लागत नाही.

दुसरा सुगावा आवाजाचा. स्टेथोस्कोप छातीवर उजव्या बाजूला, कॉलरच्या हाडाखाली थोडा ठेवला की 'लब-डब'च्या मधे एक खरखरीत घरघर ऐकू येते. चढत जाते, उतरते, आणि मानेपर्यंत पोचते. कुकरची शिट्टी का वाजते? वाफेला वाट अरुंद आहे म्हणून. तसंच हे. आणि यातली चकवणारी गोष्ट ऐका. आजार अगदी टोकाला गेला, हृदय थकलं, की जोरच उरत नाही आणि घरघर मंदावते. आवाज कमी झाला म्हणून बरं वाटायला जावं, तर नेमकं उलटं घडत असतं.

आणि मग येतो 'टू-डी एको'. घरातल्या ज्येष्ठांचा हा तपास आता सगळ्यांच्या ओळखीचा झालाय, पण त्या खोलीत काय जादू चाललेली असते हे कुणी सांगत नाही. जहाजाच्या पोलादात तडा आहे का, हे ध्वनिलहरी सोडून तपासायचं यंत्र असायचं. 1953 साली स्वीडनमधल्या लुंडच्या इंगे एडलर आणि हेलमुट हर्ट्झ यांनी मालमोच्या गोदीतून असंच एक यंत्र उसनं आणलं आणि माणसाच्या छातीवर धरलं. प्रतिध्वनीतून हृदय हलताना दिसलं. पोलादातला तडा शोधणारा आवाज काळजापर्यंत पोचला!

पण चित्र दिसणं वेगळं आणि दाब मोजणं वेगळं. आत सुई किंवा नळी न घालता दाराच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक कसा कळणार? इथं दोन जुने गृहस्थ मदतीला येतात. एक ख्रिश्चन डॉप्लर, 1842. आगगाडी शिट्टी देत जवळ येताना सूर चढा लागतो आणि दूर जाताना उतरतो, याचं गणित त्यांचं. त्यांनी ते मांडलं होतं आकाशातल्या ताऱ्यांसाठी. धावत्या रक्तपेशींवर आदळून परतलेल्या ध्वनीचा सूर किती बदलला ते पाहिलं, की रक्ताचा वेग कळतो.

दुसरे डॅनियल बर्नुली, 1738. वाहत्या द्रवाचा वेग आणि दाब यांचं नातं त्यांनी मांडलं, आणि ते स्वतः वैद्यकही शिकले होते. बागेत पाणी घालताना पाइपच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी लांब उडतं, हे आपण सगळ्यांनी केलंय. वेग वाढला तो मागच्या दाबाच्या जोरावर. मग वेग मोजून दाब का काढू नये? 1970 च्या दशकात नॉर्वेच्या संशोधकांनी नेमकं हेच केलं, आणि ट्रॉन्डहाइमच्या लिव्ह हाटले यांनी ते रोजच्या तपासणीत रुजवलं. सूत्र इतकं सोपं, की सहावीतली मुलगी पाटीवर सोडवेल: वेगाचा वर्ग करा, चारनं गुणा. बस्स. रक्ताची घनता आणि पाऱ्याच्या मिलिमीटरचा हिशोब घालून जो आकडा येतो तो जवळजवळ नेमका 4 भरतो, हा निसर्गानं दिलेला योगायोग.

निरोगी दारातून रक्त सेकंदाला एक-सव्वा मीटर वेगानं जातं. झडप फारच अरुंद झाली की तेच रक्त सेकंदाला 4 मीटर किंवा त्याहून जोरात सुटतं. चाराचा वर्ग 16, गुणिले 4, म्हणजे 64 मिलिमीटर पारा. दंडावर पट्टा बांधून रक्तदाब 120 दिसतो, तेव्हा आतल्या कप्प्यात हृदय 180 च्या वर जोर लावत असतं! बाहेरून दिसतो तो सुखाचा आकडा, आत चालू असते झुंज. आणि हे कळलं ते कातडीला टाचणीही न लावता.

एको आणि लक्षणं यांचा मेळ बसेना तर सीटी स्कॅनवर झडपेतलं कॅल्शियम मोजतात. तिथंही एक गंमत निघाली. तेवढ्याच अरुंद झडपेत बायकांमध्ये कॅल्शियम कमी आणि चिवट तंतू जास्त असतात. म्हणून धोक्याची रेघ पुरुषांसाठी 2000 च्या आसपास आणि स्त्रियांसाठी 1200 च्या आसपास धरावी लागली. एकच मोजपट्टी लावली असती तर कितीतरी आज्यांचा आजार 'सौम्य' ठरून गेला असता.

आणि आता मला ज्या गोष्टीनं सर्वांत जास्त थक्क केलं ती. 1958 साली अमेरिकेतल्या एडवर्ड हाइड नावाच्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला छोटंसं पत्र पाठवलं. गेल्या काही वर्षांत मला असे दहाएक रुग्ण दिसले, ज्यांची ही झडप कडक झालेली आहे आणि ज्यांच्या पोटात, आतड्यातून, कारण न कळता रक्तस्राव होतोय. इतर कुणाला असं दिसलंय का? बस, एवढंच.

हृदयाचं दार अरुंद आणि रक्त आतड्यातून? दोघांचा संबंध काय? पुढे शल्यविशारदांना आणखी चमत्कारिक गोष्ट दिसली. आतड्याचा तुकडा कापून काढला तरी रक्तस्राव पुन्हा सुरू व्हायचा. पण हृदयाची झडप बदलली की थांबायचा! उत्तर सापडायला तीन-चार दशकं लागली, आणि ते वाहत्या रक्तातच सापडलं. आपल्या रक्तात फॉन विलेब्रांड नावाचं एक प्रथिन असतं. लांबच लांब साखळी, एरवी लोकरीच्या गुंड्यासारखी गुंडाळलेली. रक्तवाहिनीला भोक पडलं, तिथं रक्ताचा ओढा वाढला, की गुंडा उलगडतो आणि लांब धागा होऊन जखमेवर रक्तकणिकांना धरून ठेवतो. केवढी चतुर रचना! पण अरुंद झडपेतून रक्त इतक्या सपाट्यानं पिळून निघतं, की गुंडा जखम नसतानाच उलगडतो. उलगडला की त्याची एक नाजूक जागा उघडी पडते आणि तिथं रक्तातली एक कात्री, म्हणजे एक विकर, त्याचे तुकडे करतं. प्रत्येक ठोक्याला थोडे थोडे लांब धागे तुटत जातात. आतड्यातल्या वयोमानानं विस्तारलेल्या नाजूक रक्तवाहिन्या बांधायला लांबच धागे लागतात, आणि तेच उरलेले नसतात. म्हणून रक्त झिरपतं. रक्तक्षय होतो, माणूस पांढरा पडतो, आणि घरातले म्हणतात वय झालं.

मग दार बदलायचं कसं? छाती उघडून, हृदय थांबवून झडप बदलणं 1960 पासून होऊ लागलं. आपल्या देशातही तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय बनावटीची यांत्रिक झडप घडली आणि डिसेंबर 1990 मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसली. पण पंच्याऐंशी वर्षांच्या, आधीच थकलेल्या माणसाची छाती कोण उघडणार?

1989 साली डेन्मार्कचे तरुण डॉक्टर हेनिंग रूड आनरसन अमेरिकेत एक व्याख्यान ऐकत बसले होते. विषय होता रक्तवाहिनीत फुगवून बसवायची जाळी, म्हणजे स्टेंट. त्यांच्या मनात आलं, हीच जाळी मोठी करून आत झडप शिवली तर? घरी येऊन त्यांनी खाटकाकडून डुकरांची हृदयं आणली, तारा वळून हातानं जाळी केली आणि त्याच वर्षी 1 मे रोजी अशी झडप एका डुकराच्या हृदयात नळीतून नेऊन बसवली. ती चालली. कंपन्यांना मात्र त्यात रस वाटला नाही. पुढे फ्रान्समधल्या रुआँ शहरात आलँ क्रिबिए यांनी 16 एप्रिल 2002 रोजी माणसात पहिली अशी झडप बसवली. रुग्ण 57 वर्षांचा, शल्यविशारदांनी नकार दिलेला, मरणाच्या दारात. काही महिन्यांनी तो इतर गुंतागुंतींनी गेला, पण झडप बसते आणि चालते हे सिद्ध झालं होतं. 2010 साली मोठ्या चाचणीचे आकडे आले. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया शक्यच नव्हती अशा वृद्धांत, नेहमीच्या उपचारांवर वर्षभरात 50.7 टक्के गेले; नवी झडप बसवलेल्यांत 30.7 टक्के. आज ही झडप आपल्या शेजारी, वापीतही बनते.

ती बसवतात कशी ते ऐका. मांडीच्या सांध्यातल्या धमनीतून एक नळी वर सरकवतात. तिच्या टोकाला मिटलेल्या छत्रीसारखी दाबून बसवलेली जाळी, आत प्राण्याच्या हृदयावरणाच्या पातळ पाकळ्या. काही जाळ्या नायटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या असतात, आणि या धातूला स्मरणशक्ती आहे! बर्फासारख्या गार पाण्यात तो मऊ होतो, हवा तसा दाबता येतो. रक्ताची ऊब लागली की त्याला आपला मूळ आकार आठवतो आणि तो उमलतो. दुसऱ्या प्रकारच्या जाळ्या फुग्यानं उघडतात. फुगा फुगवताना उसळतं रक्त त्याला ढकलून देईल, म्हणून काही सेकंद हृदयाला विजेच्या इशाऱ्यांनी मिनिटाला 180-200 ठोक्यांच्या वेगानं पळवतात. इतक्या घाईत हृदयाला भरायलाच वेळ मिळत नाही, रक्त बाहेर जवळजवळ पडत नाही. हृदयाला स्थिर करायचं म्हणून त्याला पळवायचं!

आणि जुनी झडप? ती काढतच नाहीत. नवी जाळी तिला भिंतीशी दाबून धरते. ज्या कॅल्शियमनं दार अडवलं होतं, त्याच खडबडीत खड्यांमध्ये नव्या झडपेची जाळी घट्ट रुतते. वर्षानुवर्षं चढलेली ती भिंतच तिची चौकट होते.

फुगा सुटतो, नळी मागे सरकते, नवी पाकळी पहिल्यांदा उघडते. पडद्यावरचे दोन दाब, कप्प्यातला आणि महाधमनीतला, इतकी वर्षं एकमेकांपासून दूर चालत होते; ते एकमेकांच्या जवळ येतात. रुग्ण अनेकदा जागाच असतो. त्याला अजून काही कळलेलं नसतं. पण 2016 साली फ्रेंच संशोधकांनी अशा रुग्णांच्या रक्ताचे नमुने झडप बसवण्याआधी आणि नंतर लगेच तपासले. दार मोकळं झाल्यावर काही मिनिटांतच फॉन विलेब्रांडचे लांब धागे रक्तात परतू लागले होते.